दात बघितल्याशिवाय भाव नाही : वारसाने आलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरबाबत केंदूर परिसरातील वारसदारांचे मागणीपत्र

प्रति,
मा. सचिव, केंद्रीय गृह मंत्रालय, नवी दिल्ली
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग, महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी, पुणे

विषय : वारसाने आलेल्या जुन्या रिव्हॉल्व्हरची ओळख, वय आणि विक्रीचा भाव ठरवण्याची सोय करण्याबाबत.

महोदय,

केंदूर, पाबळ आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवर ज्या घरांत आजोबा-पणजोबांच्या नावाचा शस्त्र परवाना होता, त्या घरांच्या वारसांची आमची संघटना. फार मोठी नाही. कान्हुराज महाराजांच्या देवळाच्या आवारात एका सतरंजीवर मावते. कुणाचा पणजा पलटणीतून पेन्शन घेऊन आला, कुणाकडे पाटीलकी होती, कुणाचा आजा पुण्यात एका साहेबाकडे कारभारी होता आणि साहेब विलायतेला परतताना ती वस्तू त्याच्या हाती देऊन गेला, असे घरोघरी सांगतात. सांगण्यातले खरे किती आणि सजवलेले किती याचा निवाडा आम्ही करत बसत नाही. वस्तू मात्र खरी आहे, तिच्यावर नंबर आहे, आणि तो नंबर परवान्याच्या पुस्तकात लिहिलेला आहे.

काय मागत नाही ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना कपाळाला आठी पडणार नाही. आम्हाला नवे परवाने नकोत. काडतुसांचा कोटा नको. बिबट्याचे नाव पुढे करूनही आम्ही काही मागत नाही. शिरूर, जुन्नर, आंबेगावात बिबट्याने माणसे नेली, ते दुःख मोठे आणि त्याची मागणी वेगळी. शंभर वर्षांच्या रिव्हॉल्व्हरने बिबट्या हटत नाही, एवढे आम्हाला कळते.

आमच्यातल्या बहुतेकांना ही वस्तू विकायचीच आहे. थोड्यांना ती आजोबांची आठवण म्हणून कपाटात ठेवायची आहे, गोळी न झाडता. दोघांचीही गाडी एकाच जागी अडते. चाकणच्या बाजारात बैल घेताना माणूस आधी त्याचे तोंड उघडून दात बघतो. दोनदाती की चारदाती की जुळलेला, ते कळले की मग रुमालाखाली बोटे धरून भाव चालतो. आमच्या वस्तूचे दात बघणारे कुणी नाही. तिचे काय करायचे हे ठरवायला कायदे आहेत, कचेऱ्या आहेत, शिक्के आहेत. पण ती काय आहे आणि केव्हाची आहे, हे जबाबदारीने लिहून देणारे टेबल आम्हाला तालुक्यात सापडले नाही आणि जिल्ह्यातही सापडले नाही.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण बाकीची थोड्याफार फरकाने तशीच आहेत.

आमच्या एका सभासद बाईंचे सासरे वारले. परवाना त्यांच्या नावावर, त्याआधी त्यांच्या वडिलांच्या. वडील पहिल्या महायुद्धातून परत आलेले. दिवसकार्य उरकल्यावर बाईंनी मुलाला बरोबर घेतले आणि वस्तू एका पोलीस ठाण्यात जमा केली. परवानाधारक मेला की घरात शस्त्र ठेवणे बेकायदा होते, ते जमा करायचे असते, हे त्यांना ठाऊक होते. पुष्कळांना नसते. पावती मिळाली. पावतीवर लिहिले होते : ‘जुने पिस्तूल, एक नग, गंजलेले, मूठ तपकिरी.’ नंबर नाही, बनावट नाही, बोअर नाही. पिस्तूलही नाही खरे तर. चक्रीचे ते रिव्हॉल्व्हर. पण घरात सगळे पिस्तूलच म्हणतात, तेव्हा त्याबद्दल आम्ही ठाणे अंमलदाराला दोष देत नाही.

मग बाई भाव काढायला निघाल्या. एका शस्त्रविक्रेत्याने परवान्याचे पुस्तक चाळून सांगितले, ‘भंगार आहे. तुम्ही आलात म्हणून लोखंडावर दोन पैसे जास्त देतो.’ दुसऱ्याने हात जोडले, ‘ताई, हे विकताच येणार नाही.’ पुण्याहून आलेल्या भाच्याने मोबाईल पुढे केला, ‘मामी, अँटिक आहे, लाखांत जाईल.’ तिघांपैकी कुणीही ती वस्तू हातात घेऊन उलटून बघितलेली नव्हती.

गंमत अशी की तिघेही आपापल्या जागी बरोबर होते.

परवान्यात नोंद होती ‘वेब्ली, .४५५’. शस्त्र नियमांच्या यादीत .३८० किंवा .४५५ ची काठाची काडतुसे आणि सैन्याची ९ मिमी काडतुसे ज्या हत्यारात बसतात, ती सगळी पिस्तुले-रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित बोअरमध्ये धरलेली आहेत. असा परवाना जिल्हाधिकारी देत नाहीत, तो दिल्लीहून केंद्रीय गृह मंत्रालयाकडून यावा लागतो. म्हणजे या मालाचे गिऱ्हाईक कायद्यानेच जवळजवळ संपवलेले. पहिल्याचे ‘भंगार’ आणि दुसऱ्याचे ‘विकताच येणार नाही’ दोन्ही तिथूनच आले. आता भाचा. .४५५ ची वेब्ली ब्रिटिश सैन्याने १८८७ मध्ये घेतली. तिचा सहावा नमुना, मार्क सिक्स, १९१५ चा. पहिल्या महायुद्धात खंदकांतून फिरला तो हाच. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षे पुरी झालेल्या ऐतिहासिक वस्तूला पुरावशेष मानतो, आणि परवानगीशिवाय ती देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा १९१७ ची वेब्ली एका कायद्याच्या चष्म्यातून देशाचा ठेवा, दुसऱ्याच्या चष्म्यातून प्रतिबंधित हत्यार, आणि पावतीवर ‘जुने पिस्तूल, एक नग’.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये तिसरीच वाट आहे. जुनाट बनावटीचे, पुरातन मोलाचे किंवा मोडके शस्त्र, जे दुरुस्त करूनही चालू शकणार नाही, त्याला हा कायदा लागू नाही. ‘दुरुस्त करूनही’ या शब्दांवर सगळे अडते. गंज म्हणजे निकामी नव्हे. रॉकेलमध्ये आठवडाभर बुडवले की गंजलेली चक्री फिरू लागते, हे आमच्या फिटर पोरांनाही माहीत आहे. चौथी वाट फेब्रुवारी २०२० ची : नियमांत दुरुस्ती होऊन ‘क्युरिओ’ गटातली लहान शस्त्रे बाळगायला भारतीय नागरिकाला परवाना लागणार नाही असे ठरले, वापरायला, बरोबर घेऊन फिरायला मात्र लागेल. या दुरुस्तीचे आम्ही मनापासून स्वागत केले. त्यानंतर आमचे दोन सभासद एका कचेरीत गेले आणि विचारले, आमची वस्तू क्युरिओत बसते का? उत्तर मिळाले, तुम्हीच दाखला आणा. दाखला कोण देतो? ते त्या टेबलावर कुणाला सांगता आले नाही. साहेबांनी चहा मात्र पाजला.

म्हणून आमची पहिली मागणी, आणि बाकी सगळ्या तिच्या पोटात येतात : प्रत्येक जिल्ह्यात, निदान प्रत्येक महसुली विभागात, जुन्या शस्त्रांची ओळख पटवून वय लिहून देणारे एक छोटे मंडळ नेमावे. पुण्यासारख्या ठिकाणी हे अवघड नाही. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा इथे आहे. खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. सैन्यातून निवृत्त झालेले आर्मरर या शहरात गल्लोगल्ली सापडतील. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे हाताळणारी माणसे आहेत. प्रयोगशाळेतला एक, एक आर्मरर, संग्रहालयातला एक. तिघे महिन्यातून एक दिवस बसले तरी पुरे. आज प्रयोगशाळेकडे शस्त्र जाते ते गुन्ह्यात सापडल्यावर, आणि तिथे प्रश्न विचारला जातो तो ‘यातून गोळी सुटते का’ हा. ‘हे केव्हाचे’ हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

वय ठरवणे म्हणजे ज्योतिष नव्हे, हे दाखवायला आम्ही एक दोनशेपानी वही केली आहे. ज्यांचे परवाने चालू आहेत अशा सभासदांनी स्वतः आपले शस्त्र उघडून, सहाही घरे रिकामी दाखवून, घोंगडीवर ठेवले. मग जिथे अक्षरे दिसली तिथे पतंगाचा कागद धरून त्यावर शिसपेन्सिल आडवी घासली. डोळ्यांना न दिसणारी अक्षरेही कागदावर उमटतात. एका मार्क सिक्स वेब्लीच्या डाव्या अंगाला, चक्रीखाली, ओळीखाली ओळ उमटली : वेब्ली, मार्क सिक्स, पेटंट्स, आणि सगळ्यांत खाली साल, १९१६. शेजारी कावळ्याच्या पायासारखी बाणाची खूण, म्हणजे सरकारी माल. मुठीच्या तळाशी दोरी अडकवायची कडी. चौकटीवर जो नंबर, तोच चक्रीवर. नंबर जुळला म्हणजे चक्री मूळची आहे, कुणी बदललेली नाही. एवढे वाचायला आम्हाला चहा गार होईपर्यंतचा वेळ लागला.

ज्यांवर साल नसते त्यांचे जरा किचकट होते. खासगी विक्रीसाठी बर्मिंगहॅमच्या चाचणीघरातून गेलेल्या नळीवर मुकुट आणि त्याखाली बीपी, बीव्ही, एनपी अशी अक्षरे असतात. ती १९०४ च्या नियमांनंतरची. म्हणजे ते हत्यार निदान त्या रूपात त्याआधी तपासले गेलेले नाही. अंडाकृतीत इएलजी असेल तर ते बेल्जियमच्या लिएजचे, आणि ‘बुलडॉग’ म्हणून मिरवणाऱ्या आखूड रिव्हॉल्व्हरांत तिथल्या स्वस्त नकला पुष्कळ. एन्फील्डचे .३८ ब्रिटिश सैन्याने १९३२ मध्ये घेतले; ज्याच्या घोड्याला अंगठ्याने ओढायची शेपटी नाही ते १९३८ नंतरच्या नमुन्याचे. नळीच्या माथ्यावर कधी विकणाऱ्या दुकानाचे नाव असते, कलकत्त्याची मँटन कंपनी, रॉडा कंपनी, नाहीतर आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स. हे कारखानदार नव्हेत, पण ते नाव शाबूत असले की वस्तू कुठून आली ते कळते आणि हौशी माणूस त्यापायी दोन पावले जास्त चालतो.

आणि फसायला होते तेही इथेच. एका सभासदाच्या कोल्टवर १८८४ साल कोरलेले आहे. सात वर्षे ते सांगत होते की आमचे रिव्हॉल्व्हर झाशीच्या राणीनंतर लगेचचे. कागद घासल्यावर तीन तारखा उमटल्या, १८८४, १९०० आणि १९०५. या पेटंटच्या तारखा. कारखान्याने कोणत्या कल्पनेचा हक्क केव्हा नोंदवला ते त्या सांगतात. हत्यार त्यातल्या शेवटच्या तारखेनंतरचे असणार, आणि ते नेमके केव्हाचे हे नंबरावरून कारखान्याच्या नोंदींत बघायचे. पोलीस पॉझिटिव्ह नावाचा तो नमुना मुळात १९०७ पासूनचा. दुसऱ्या एका घरात ‘स्मिथ अँड वेसन’ म्हणून जपलेली वस्तू निघाली स्पेनची. नळीवर लिहिले होते ते एवढेच, की यात स्मिथ अँड वेसनची .३२ काडतुसे वापरा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एइबार गावच्या कारागिरांनी ही युक्ती बरीच केली. ज्यांच्या घरची ती वस्तू ते गृहस्थ दोन बैठकांना आले नाहीत. तिसऱ्यांदा आले तेव्हा स्वतःच हसत म्हणाले, ‘आमच्या आज्याला साहेबानं बनवलं.’

तिसरी फसवणूक आपण आपल्या हाताने करतो. वस्तू चकचकीत दिसावी म्हणून पॉलिश पेपर मारतात, निकेलचा मुलामा चढवून आणतात. मूळचा निळसर काळा रंग गेला, कोरीव अक्षरे बुजली, की जाणकार गिऱ्हाईक हात मागे घेते. नंबरच पुसला गेला तर मामला भावाचा राहत नाही. ओळखखुणा पुसणे आणि पुसलेले शस्त्र बाळगणे कलम ८ खाली मना आहे. आमच्या सभासदांना आमचे सांगणे आहे की शिलाई मशीनच्या तेलाचा हात मऊ फडक्याने फिरवा, बाकी काही करू नका. खोबरेल तर मुळीच नको, ते आत थिजून बसते.

आता भाव. आपल्याकडे जुन्या रिव्हॉल्व्हरचा भाव केवळ म्हातारपणाने वाढत नाही, तो परवान्याने वाढतो आणि परवान्यानेच पडतो. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी माणसासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंदच झाली. त्यामुळे .३२ बोअरचे, म्हणजे साध्या परवान्यावर चालणारे परदेशी रिव्हॉल्व्हर जे देशात तेव्हा होते तेवढेच हातोहाती फिरते आहे. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून ‘निर्भीक’ काढले, तेही .३२ चे आणि सव्वा लाखाच्या आसपासचे. नवे देशी तेव्हा एवढ्याला, तर सुस्थितीतल्या जुन्या विलायती .३२ ला त्याच्या कैक पट मागतात आणि मिळतातही. तेच घराणे, तोच कारखाना, तेच कोरीव काम, पण बोअर .४५५ असला की गिऱ्हाईक नाही. म्हणजे आपल्याकडे सत्तर वर्षांची साधी वेब्ली सोन्याच्या भावाने जाते आणि शंभर वर्षांची, युद्ध बघितलेली वेब्ली रद्दीत. बाहेरच्या जगात बहुतेक ठिकाणी याच्या उलट आहे. हा बाजार आम्ही केला नाही. पण आमच्या घरातली बाई या बाजारात जाते तेव्हा तिच्या हातात निदान एक कागद असावा.

दुसरी मागणी म्हणून अशी : मंडळाच्या दाखल्यावर बनावट, नमुना, नंबर, बोअर, वय, मूळ भाग किती आणि बदललेले किती, चालू की बंद, आणि साध्या परवान्यात बसते, प्रतिबंधित की क्युरिओ, हे एका पानावर असावे. त्यावर रुपयांचा आकडा नको. आमच्यातल्या काहींनी जमिनीसारखा रेडी रेकनर मागावा असा आग्रह धरला होता. बैठकीत तो टिकला नाही. जमिनीच्या गटाचा दर ठरवता येतो, कारण गट जागचा हलत नाही. हत्यार तीस वर्षे ट्रंकेत तेलात होते की ओलसर भिंतीला टांगले होते, यावर त्याची किंमत दुप्पट-चौपट हलते. आकडा गिऱ्हाईकाला आणि मालकालाच ठरवू द्या.

पण तो ठरवायची जागा उघडी हवी. कलम ५ प्रमाणे खासगी मालकाला आपले शस्त्र परवानाधारकाला विकता येते. जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या ठाण्याला आगाऊ लेखी कळवायचे आणि पंचेचाळीस दिवस थांबायचे. ही तरतूद चांगली आहे. अडचण अशी की केंदूरच्या बाईला लातूरचा किंवा नागपूरचा परवानाधारक दिसत नाही. तिला दिसतो तो एकच विक्रेता, आणि वस्तू केव्हाची, कितीची हे सांगणाराही तोच, विकत घेणाराही तोच. आम्ही सगळ्या विक्रेत्यांना एका माळेत ओवत नाही. एकाने आमच्या सभासदाला स्वतःहून सांगितले होते, ‘हे मला देऊ नका, मी देईन त्याच्या तिप्पट बाहेर मिळेल.’ तरीसुद्धा ज्याने दात बघायचे त्यानेच बैल घ्यायचा, ही रीत बाजारातसुद्धा चालत नाही. शस्त्र परवान्यांची देशभरची संगणकीय नोंद आता आहेच, प्रत्येक परवान्याला स्वतंत्र क्रमांक आहे. त्याच यंत्रणेत विक्रीला असलेल्या वारसा शस्त्रांचे पान उघडावे, ते फक्त परवानाधारकांना दिसावे, मालकाचे नाव-गाव झाकलेले असावे, बोली बंद पाकिटाने यावी आणि पैसे बँकेतूनच यावेत. जो विक्रेता मूल्य सांगेल त्याने ते शस्त्र घेऊ नये, हे नियमात लिहावे. हीच तिसरी मागणी समजावी.

चौथी मागणी पावतीची. ती लहान आहे आणि तिला कायदा बदलायची गरज नाही. शस्त्र जमा करून घेताना दोन्ही बाजूंचे फोटो, नंबर, बोअर आणि परवान्यातली नोंद पावतीवर यावी. ठाण्यात शस्त्राला फडके आणि तेल मिळावे. २०२४ मध्ये आमच्याकडे १३ मे रोजी लोकसभेचे आणि २० नोव्हेंबर रोजी विधानसभेचे मतदान झाले. निवडणुकीच्या काळात ज्यांना शस्त्रे जमा करायला सांगितले जाते, त्यांची वस्तू एका वर्षात दोनदा मुद्देमालाच्या खोलीत जाऊन आली. एक परत आली तेव्हा मुठीची लाकडी पट्टी तडकलेली होती. भरपाई कुणी मागितली नाही. तडा जमा करतानाच होता, असे उत्तर मिळाले, आणि नव्हता हे दाखवायला पावतीत काहीच नव्हते.

वारसांच्या मुदतीबद्दल थोडे. २०१६ च्या शस्त्र नियमांत धारक मेल्यावर वारसाला परवाना देण्याची सोय आहे. धारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षे त्याच्याकडे असले तर हयातीतही वारसाला देता येतो. वाचायला सोपे. प्रत्यक्षात वारस नोंद, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रे, चारित्र्य पडताळणी, प्रशिक्षण, यात वर्ष-दीड वर्ष जाते, आणि तोवर घाबरलेले घर वस्तू लपवते. विनापरवाना शस्त्राला शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर कमीत कमी दोन वर्षांची कैद आहे. विहिरीत टाकलेली एक वस्तू आम्हाला ठाऊक आहे. विहीर कुणाची ते विचारू नये. घरातला कर्ता मेल्यापासून सहा महिन्यांत स्वतःहून शस्त्र घेऊन येणाऱ्या वारसावर केवळ तेवढ्या काळाच्या ताब्यासाठी गुन्हा दाखल होऊ नये, असे स्पष्ट परिपत्रक निघावे. असे परिपत्रक निघाले तर ठाण्यांत येणारी शस्त्रे कमी होणार नाहीत, वाढतील. आणि एक आमच्या आमच्यात सांगायचे, पण इथेही लिहितो : लेकींच्या सह्या आपल्याकडे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत कमी विचारून घेतल्या जातात. नियमांत मुलगीही वारस आहे. विक्रीच्या पैशातला तिचा वाटा तिच्या खात्यात गेल्याशिवाय हरकत नसल्याचा कागद पुरा धरू नये.

२०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडची शस्त्रे तीनावरून दोनावर आणली. वारसा म्हणूनही दोनाच्या वर नाही. तत्त्वाला आमचा विरोध नाही. पण तिसरे शस्त्र जमा करायचे वर्ष १४ डिसेंबर २०१९ ला सुरू झाले आणि त्यातला मोठा भाग टाळेबंदीत गेला. ज्यांनी मुदतीत जमा केली त्यांत जुनीच जास्त होती, कारण माणूस चालू शस्त्र ठेवतो आणि आज्याचे देऊन टाकतो. त्या सगळ्या तिसऱ्या शस्त्रांचे पुढे काय झाले, किती सरकारजमा, किती विक्रेत्यांच्या कोठारात, किती वितळवली, याचा जिल्हावार हिशेब जाहीर करावा. आणि इथून पुढे पन्नास वर्षांहून जुने कोणतेही शस्त्र मंडळाने बघितल्याशिवाय वितळवू नये.

ही मागणी आम्ही हौसेने करत नाही. आमच्या शेजारचे खेड हुतात्मा राजगुरूंचे गाव. १७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात राजगुरू आणि भगतसिंगांनी पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या, त्यातले भगतसिंगांचे .३२ कोल्ट पिस्तूल अनेक दशके कुणाच्या खिजगणतीत नव्हते. ते इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात इतर हत्यारांसारखा काळा रंग फासून ठेवलेले होते. २०१६ मध्ये रंगाखालचा नंबर, १६८८९६, जुन्या कागदांतल्या नंबराशी जुळला म्हणून ते कळले. आता ते हुसैनीवालाला आहे. तो रंग खरवडून बघायच्या आधी ते हत्यार भट्टीत गेले असते तर कुणाला चुकचुकायलाही कारण नव्हते. आमच्या घोंगडीवर भगतसिंगांचे पिस्तूल निघेल असा आमचा दावा नाही. पण कोणत्या पलटणीतला कोणता शिपाई कोणत्या आघाडीवरून काय घेऊन आला, याचा शिरूर तालुक्यात दुसरा पुरावा तरी काय उरला आहे?

राहता राहिली वयाची रेषा. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्यात १८९८ पर्यंतची बनावट पुरातन मानतात. ब्रिटनने २०२१ मध्ये १ सप्टेंबर १९३९ ही तारीख धरली आणि शिवाय कोणत्या काडतुसांची शस्त्रे चालतील याची यादी घातली, म्हणजे नुसते वय नाही तर काडतूस बाजारात मिळते का तेही बघितले. त्यांचे आकडे आपण उचलावेत असे आम्ही म्हणत नाही. आपल्याच पुरावशेष कायद्यात शंभर वर्षे आहेत, ती धरावीत. शंभर वर्षे पुरी झालेले, ज्याचे काडतूस देशात बनत नाही असे प्रतिबंधित बोअरचे रिव्हॉल्व्हर असेल तर वारसाला तीन वाटा मोकळ्या असाव्यात : मंडळापुढे कायमचे निकामी करून, नंबर शाबूत ठेवून घरात ठेवणे, संग्रहालयाला देणे (देणाऱ्याचे व मूळ धारकाचे नाव पाटीवर असावे), किंवा मंत्रालयाच्या परवानगीने संग्राहकाला विकणे. निकामी करण्याबद्दल आमच्यात एकमत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. दोन ज्येष्ठ सभासदांचे म्हणणे आहे की नळीत वेल्डिंग केलेली वेब्ली म्हणजे डोळे काढलेला बैल. त्यांना संग्रहालयाची वाट बरी वाटते. ज्याला जी वाट हवी ती घेऊ द्यावी, सक्ती कोणतीच नको.

मंडळाचा खर्च आमच्यावर घालायला आमची हरकत नाही. दाखल्यामागे रास्त शुल्क घ्यावे. ज्या घरात थिटेवाडीचा बंधारा भरला का यावर कांद्याचे वर्ष ठरते, तिथेही एवढे पैसे काढता येतील, कारण आज वकील, झेरॉक्स आणि पुण्याच्या खेपांवर जातात ते यापेक्षा जास्त आहेत.

सोबत वहीतील नोंदींच्या छायाप्रती जोडल्या आहेत. त्यांतल्या मालकांची नावे झाकली आहेत, नंबर झाकलेले नाहीत. आपल्या कार्यालयातील जाणकाराने त्या तपासाव्यात. आमच्या वाचनात चूक असेल तर दुरुस्त करून कळवावे, आम्ही वहीत लाल शाईने नोंदवू. ज्या बाईंचे उदाहरण वर दिले त्यांची वस्तू अजून ठाण्यातच आहे. तिच्या उजव्या-डाव्या अंगाचे फोटो काढायला आणि पतंगाचा एक कागद लावायला परवानगी मिळावी, असा त्यांचा वेगळा अर्ज या मागणीपत्रासोबत आहे. मंडळ नेमायला वेळ लागेल. या अर्जाला एक दिवस पुरतो.

कळावे,

आपले विश्वासू,
वारसदार शस्त्रधारकांची संघटना,
केंदूर, ता. शिरूर, जि. पुणे